जे. सी. कुमारप्पा : गावच्या चुलीचा हिशेब मांडणारा अर्थतज्ज्ञ

गडचिरोली जिल्ह्यातलं धानोरा हे तालुक्याचं ठिकाण. चहूबाजूंनी साग, ऐन, मोह आणि बांबूचं जंगल. उन्हाळा अंगाची काहिली करणारा, पण डिसेंबर-जानेवारीच्या रात्री चांगलाच गारठा पडतो. अशा मुलखात घर गरम ठेवण्यासाठी वेगळं यंत्र कुणी बसवत नाही. वर्षातले जेमतेम दोन-अडीच महिने थंडी असते. ते काम चूलच करते. स्वयंपाक तिच्यावर, आंघोळीचं पाणी तिच्यावर, आणि रात्री ऊब घ्यायलाही माणसं तिच्याभोवतीच बसतात. अंगणात शेकोटी पेटते. बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवली जाते.

म्हणजे इथे घराच्या उबेचा प्रश्न हा चुलीचाच प्रश्न असतो. चूल कशी असावी, जळण कुठून आणावं आणि चूल बिघडली तर ती कुणी नीट करावी, असे त्याचे तीन भाग पडतात. हे प्रश्न घरगुती वाटतात. पण ज्याने त्यांना देशाच्या अर्थकारणात जागा दिली, असा एक माणूस याच विदर्भात, वर्ध्याला, पंधरा वर्षांहून अधिक काळ राहून काम करत होता. लंडनमध्ये हिशेबतपासनीस झालेला, न्यूयॉर्कमध्ये अर्थशास्त्र शिकलेला आणि पुढे खादी घालून तेलघाण्या व चुली यांचा अभ्यास करणारा हा माणूस म्हणजे जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा.

गांधींचे अर्थतज्ज्ञ म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. पण त्यांनी नेमकं काय केलं, हे फारसं सांगितलं जात नाही. ते समजून घेऊ.

तंजावर ते न्यूयॉर्क

कुमारप्पांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावरला, एका तमिळ ख्रिस्ती कुटुंबात झाला. वडील सरकारी बांधकाम खात्यात नोकरीला होते. घरात शिस्त, शिक्षण आणि धर्म या तिन्ही गोष्टींना मान होता. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे कुटुंबाने कॉर्नेलियस हे नाव घेतलं होतं, त्यामुळे तरुणपणी ते जे. सी. कॉर्नेलियस म्हणूनच ओळखले जात.

हिशेबतपासणीचं शिक्षण त्यांनी लंडनमध्ये घेतलं आणि काही काळ तिथेच काम केलं. पहिलं महायुद्ध संपल्यावर ते भारतात परतले आणि मुंबईत व्यवसाय करू लागले. उत्तम शिवलेला सूट, नीटनेटकं राहणं, काटेकोर हिशेब, असं त्यांचं आयुष्य चाललं होतं. या टप्प्यापर्यंत त्यांचा राजकारणाशी फारसा संबंध नव्हता.

बदल झाला तो अमेरिकेत. १९२७ मध्ये ते तिकडे गेले. सिराक्यूज विद्यापीठातून त्यांनी व्यवसाय व्यवस्थापनाची पदवी घेतली आणि मग न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक वित्त हा विषय घेतला. सरकार कर कसे गोळा करतं आणि तो पैसा कुठे खर्च करतं, याचा अभ्यास म्हणजे सार्वजनिक वित्त. तिथे एडविन सेलिग्मन हे करविषयक अर्थशास्त्रातले मोठे प्राध्यापक होते. त्यांच्या हाताखाली कुमारप्पांनी ब्रिटिश सरकारच्या भारतातल्या जमाखर्चाची छाननी केली.

हिशेबतपासनिसाला एक सवय असते. तो मालकाचं म्हणणं ऐकून घेतो, पण विश्वास वहीवर ठेवतो. ब्रिटिश राज्याची वही तपासल्यावर त्यांना दिसलं, की शेतकऱ्याकडून येणारा पैसा शेतकऱ्याकडे परत जात नाही. सैन्य, कर्जाचं व्याज आणि प्रशासन यांतच तो जिरतो. भारताचं दारिद्र्य नशिबाचं नाही, ते या जमाखर्चातून आलेलं आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. याच सुमारास त्यांनी कुमारप्पा हे घराण्याचं जुनं नाव पुन्हा धारण केलं.

साबरमती आणि मातर तालुका

भारतात परतल्यावर आपला प्रबंध प्रसिद्ध करण्याच्या खटपटीत ते गांधींना भेटायला साबरमतीला गेले. ही भेट ९ मे १९२९ रोजी झाली. भेटीची गोष्ट प्रसिद्ध आहे. रेशमी सुटातले कुमारप्पा आश्रमात पोचले तेव्हा झाडाखाली एक म्हातारा माणूस सूत कातत बसला होता. हेच गांधी, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं नाही. लक्षात आल्यावर आपल्या कपड्यांची फिकीर सोडून ते जमिनीवर बसले.

गांधींनी त्यांचं लेखन आपल्या 'यंग इंडिया' या साप्ताहिकात छापायचं ठरवलं आणि सोबत एक कामही दिलं. गुजरातमध्ये एखाद्या तालुक्याची आर्थिक पाहणी करा, असं ते काम होतं. कुमारप्पांना गुजराती येत नव्हती. गुजरात विद्यापीठाची धुरा तेव्हा काका कालेलकरांकडे होती. विद्यापीठाचे विद्यार्थी सोबत घेऊन कुमारप्पांनी खेडा जिल्ह्यातल्या मातर तालुक्यातली ५४ गावं घरोघर जाऊन पाहिली. घरात किती येतं, किती जातं, सावकाराला किती, सरकारला किती, अशी ही पाहणी होती. तिचा अहवाल १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला.

कोलंबियाच्या ग्रंथालयात त्यांनी देशाची वही तपासली होती. मातरमध्ये त्यांनी घराची वही तपासली. पुढे आयुष्यभर त्यांनी हीच पद्धत वापरली. एखादी गोष्ट गावासाठी चांगली की वाईट, हे ठरवण्यासाठी ते आधी विचारत, की या गोष्टीमुळे घरातला पैसा गावात राहतो की बाहेर जातो, आणि घरातल्या माणसाचं कौशल्य वाढतं की कमी होतं.

दांडीच्या सत्याग्रहानंतर गांधी तुरुंगात गेले तेव्हा 'यंग इंडिया'ची जबाबदारी कुमारप्पांवर आली आणि त्यातल्या लेखनासाठी त्यांना तुरुंगवासही झाला. १९३४ मध्ये बिहारमध्ये भीषण भूकंप झाला. मदतनिधीचे हिशेब सांभाळायला त्यांना बोलावण्यात आलं. कार्यकर्त्यांच्या जेवणाचा रोजचा खर्च त्यांनी आण्यांत ठरवून दिला होता. खुद्द गांधी आपल्या सोबत्यांसह आले, तेव्हा त्यांचा खर्च या निधीतून मिळणार नाही असं कुमारप्पांनी कळवल्याची आठवण सांगितली जाते. गांधींना ते पटलं, असंही त्यात सांगतात.

मगनवाडी

१९३४ च्या डिसेंबरमध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. मुख्यालय वर्ध्यात होतं. वर्ध्याचेच श्रीकृष्णदास जाजू अध्यक्ष झाले आणि कुमारप्पा कार्यवाह. जमनालाल बजाज यांनी आपली बागेची जागा संघाला दिली. गांधींचे निकटचे सहकारी मगनलाल गांधी १९२८ मध्ये वारले होते. त्यांच्या नावावरून या जागेला मगनवाडी म्हणू लागले.

मगनवाडीत हातकागद, तेलघाणी, मधमाशीपालन, गूळ, साबण, भात सडणं अशा गोष्टींवर प्रयोग चालत. कुमारप्पा 'ग्राम उद्योग पत्रिका' काढत आणि तिच्यात प्रयोगांची माहिती देत. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधींच्या हस्ते मगन संग्रहालयाचं उद्घाटन झालं. ते आजही वर्ध्यात उभं आहे.

कुमारप्पा एका लहानशा झोपडीत राहत. लग्न त्यांनी केलं नाही. पोशाखही त्यांनी स्वतःच बेतला होता. धोतर आणि पायजमा यांच्या मधला तो प्रकार ते 'धोतीजामा' म्हणत. कापड कमी लागावं आणि काम करताना अडचण होऊ नये, असा त्यामागचा हिशेब होता. स्वभाव मात्र तिखट होता. वेळ न ठरवता आलेल्या मोठ्या माणसालाही ते परत पाठवत.

याच काळात मध्य प्रांत आणि वऱ्हाडात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं. प्रांतातल्या उद्योगांची पाहणी करण्यासाठी जी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष कुमारप्पा होते. समितीने ६०६ गावांची पाहणी केली आणि १९३९ मध्ये अहवाल दिला. आजचा गडचिरोली जिल्हा तेव्हा चांदा जिल्ह्याचा भाग होता आणि चांदा जिल्हा मध्य प्रांतात होता. म्हणजे ज्या प्रांताच्या भविष्याचा हा आराखडा होता, त्यात धानोऱ्याचं जंगलही येत होतं.

मगन दीप आणि मगन चूल

त्या काळात खेड्यापाड्यांत रॉकेलचे दिवे आले होते. दिसायला स्वस्त, वापरायला सोपे. कुमारप्पांनी इथेही आपला नेहमीचा प्रश्न विचारला. रॉकेलसाठी दिलेला पैसा कुठे जातो? तो गावातून निघून परदेशी तेल कंपनीपर्यंत जातो. गावात करंज, मोह, कडुनिंब यांच्या बिया पडून असतात. त्यांचं तेल काढणारा तेली गावात आहे. मग दिवा त्या तेलावर का चालू नये? अडचण अशी, की वनस्पती तेल घट्ट असतं. रॉकेलसारखं ते वातीतून भराभर चढत नाही. म्हणून मगनवाडीत अशा तेलावर नीट जळेल असा कंदील तयार करण्यात आला. त्याचं नाव मगन दीप.

दिव्यानंतर चूल आली. तीन दगडांच्या चुलीत जळणातल्या एकूण उष्णतेपैकी साधारण दहा ते पंधरा टक्केच उष्णता भांड्याला मिळते, असं मानलं जातं. बाकीची बाजूंनी निघून जाते. धूर घरातच कोंडतो. त्याचा त्रास सगळ्यात जास्त बाईला आणि तिच्या कडेवरच्या मुलाला होतो. मगनवाडीत १९४० च्या दशकात जी बिनधुराची चूल घडली, ती मगन चूल म्हणून ओळखली जाते.

तिची रचना समजायला अवघड नाही. आपल्याकडच्या जुन्या चुलीला शेजारी 'वैल' असतो. मुख्य आगीची धग आतल्या वाटेने वैलावर जाते आणि तिथलं भांडं मंद तापत राहतं. मगन चुलीत हीच युक्ती पुढे नेली आहे. चूल मातीची, बाजूंनी बंद. जळण एकाच तोंडातून घालायचं. धग पहिल्या भांड्याखालून दुसऱ्याकडे जाते आणि शेवटी धुराड्यातून छपराबाहेर पडते. गरम हवा हलकी असल्याने धुराड्यात वर चढते आणि मागून ताजी हवा आपोआप आत ओढली जाते. फुंकणी कमी लागते, धूर घरात राहत नाही.

हे तत्त्व नवं नव्हतं. अठराव्या शतकाच्या शेवटी काउंट रम्फर्ड या शास्त्रज्ञाने लंडनमधल्या घरांच्या भिंतीतल्या शेकोट्या अशाच सुधारल्या होत्या. त्यांचं धुराड्याकडे जाणारं तोंड अरुंद केलं, बाजूच्या भिंती तिरप्या केल्या, आणि त्याच कोळशात खोली जास्त गरम होऊ लागली. फरक असा, की रम्फर्डची शेकोटी बांधायला गवंडी लागत असे. मगन चूल गावातल्या मातीने, गावातल्याच हातांनी बांधायची होती. बिघडली तर घरच्या बाईने माती कालवून ती लिंपायची होती. कुमारप्पांच्या दृष्टीने ही गोष्ट धूर कमी होण्याइतकीच महत्त्वाची होती. जी वस्तू वापरणाऱ्याला दुरुस्त करता येत नाही, ती त्याला कुणावर तरी अवलंबून ठेवते.

साठा आणि प्रवाह

१९४२ च्या आंदोलनात कुमारप्पांना पुन्हा अटक झाली. जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी दोन पुस्तकं लिहिली. एक येशूच्या शिकवणुकीवर, दुसरं 'इकॉनॉमी ऑफ परमनन्स', म्हणजे टिकाऊ अर्थव्यवस्था. दुसऱ्या पुस्तकाला गांधींनी प्रस्तावना लिहिली आणि मिस्कीलपणे त्यांना ग्रामोद्योगाचे डॉक्टर ही पदवीही देऊन टाकली.

या पुस्तकातला एक विचार इंधनाच्या प्रश्नाला थेट लागू पडतो. कुमारप्पा निसर्गातल्या वस्तूंचे दोन भाग करतात. एक साठ्याचा, दुसरा प्रवाहाचा. कोळसा, खनिज तेल, लोखंड हा साठा आहे. जेवढा वापरू तेवढा कमी होतो, पुन्हा भरत नाही. नदीचं पाणी किंवा वाढत्या जंगलातलं लाकूड हा प्रवाह आहे. वाढ होते तेवढंच घेतलं तर तो आटत नाही. ज्यांचं जगणं साठ्यावर चालतं, त्यांच्यात त्या साठ्यासाठी भांडणं होतात, अगदी युद्धंसुद्धा. प्रवाहावर चालणाऱ्या जगण्यात शांततेला जास्त वाव असतो.

आज हे वाचताना पेट्रोलवरून झालेली युद्धं आठवतात. पण पुस्तक १९४५ चं आहे. पुढे शूमाकर या अर्थशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये 'स्मॉल इज ब्यूटिफुल' हे गाजलेलं पुस्तक लिहिलं, त्यात त्यांनी कुमारप्पांचा आधार घेतला आहे.

जंगलाबद्दलही कुमारप्पांचं म्हणणं स्पष्ट होतं. सरकारी वनखातं जंगलाकडे महसुलाचं साधन म्हणून पाहतं, हे त्यांना मान्य नव्हतं. त्यांच्या मते जंगलाचे दोन भाग करावेत. इमारती लाकडाचा भाग लांबचा विचार करून सांभाळावा. सरपण आणि गवत देणारा भाग लोकांना फुकट किंवा नाममात्र दरात खुला असावा. धानोऱ्यासारख्या मुलखात हा प्रश्न कागदी नव्हता. ज्या जंगलात पिढ्यान्‌पिढ्या काटक्या वेचल्या, तिथे मोळी आणायलाही वनखात्याच्या माणसाची मर्जी सांभाळावी लागे. थंडीतली ऊब ही अशी दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून होती.

मात्र प्रवाह हा आपोआप प्रवाह राहत नाही. वाढीपेक्षा तोड जास्त झाली की जंगलही साठाच होतं आणि संपतं. म्हणून जंगल कुणाचं आणि त्यावर नियम कुणी करायचे, हा प्रश्न चुलीपासून वेगळा काढता येत नाही.

शेवटची वर्षं

स्वातंत्र्यानंतर काँग्रेसने शेतजमिनीच्या सुधारणांसाठी समिती नेमली. तिचे अध्यक्ष कुमारप्पा होते. कसणाऱ्याच्या हाती जमीन असावी, अशा दिशेने समितीने १९४९ मध्ये शिफारशी केल्या. पण नव्या देशाचा ओढा मोठे कारखाने आणि मोठी धरणं यांच्याकडे होता. कुमारप्पांनी आपले मतभेद लपवले नाहीत. जुने सहकारी मंत्री झाले होते, त्यांच्या मोटारी आणि बंगल्यांवरही ते उघडपणे टीका करत. हळूहळू त्यांचं म्हणणं ऐकणारे कमी झाले.

वर्ध्याजवळ सेलडोह इथे त्यांनी पन्नई आश्रम सुरू केला आणि शेतीचे प्रयोग केले. चीन आणि सोव्हिएत रशियाचा प्रवास केला. प्रकृती खालावल्यावर ते तमिळनाडूत मदुराईजवळच्या टी. कल्लुपट्टी या गावी, गांधीनिकेतन आश्रमात राहायला गेले. ३० जानेवारी १९६० रोजी, गांधींच्या पुण्यतिथीच्याच दिवशी, मद्रासमध्ये त्यांचं निधन झालं. तेव्हा ते ६८ वर्षांचे होते.

चुलीचं पुढे काय झालं?

मगनवाडीत सुरू झालेला प्रयोग पुढे सरकारी कार्यक्रम झाला. १९८० च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. २००२ पर्यंत तो चालला आणि साडेतीन कोटींच्या आसपास चुली बसवल्या गेल्या. आकडा मोठा आहे, पण त्यातल्या बऱ्याच चुली थोड्याच काळात मोडल्या किंवा बंद पडल्या.

का? याचं उत्तर देणारा एक चांगला अभ्यास ओडिशात झाला. तिथल्या खेड्यांतल्या कुटुंबांना सुधारित चुली देऊन संशोधकांनी त्यांच्यावर चार वर्षं लक्ष ठेवलं. पहिल्या वर्षी धूर कमी झाला. नंतर फरक उरला नाही. लोक चुली पुरेशा वापरत नव्हते आणि त्यांची निगाही राखत नव्हते. प्रयोगशाळेत उत्तम ठरलेली चूल घरात गेल्यावर तिची काळजी कोण घेणार, हे ठरलेलंच नव्हतं. कुमारप्पांचा तिसरा प्रश्न, दुरुस्ती कुणी करायची, कार्यक्रमाच्या वहीतून गळून पडला होता.

दुसरं कारण उबेशी जोडलेलं आहे आणि जंगलपट्ट्यात ते जास्त जाणवतं. अभियंता जी उष्णता वाया गेली म्हणतो, तीच थंडीच्या रात्री घराला हवी असते. उघडी चूल अंगाला थेट शेक देते, उजेड देते, तिच्या धुराने छपरातले किडे कमी होतात. बंद चूल सरपण वाचवते, पण तिच्याभोवती बसलेल्याला तेवढी धग लागत नाही. त्यामुळे नवी चूल आली तरी थंडीत लोक पुन्हा तीन दगड मांडतात. ही अडाणीपणाची गोष्ट नाही. एका साधनाकडून दोन कामं होत होती, नव्या साधनाने त्यातलं एकच केलं.

पण धुराची किंमतही खरी आहे. घरातल्या धुरामुळे जगात २०२० या एका वर्षात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. लहान मुलांचा न्यूमोनिया हे त्यातलं एक मोठं कारण. धानोरा तालुक्यातल्या चातगावजवळ डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेचं शोधग्राम आहे. गडचिरोलीतल्या ३९ गावांमध्ये त्यांनी नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा जो प्रयोग केला, तो १९९९ मध्ये जगापुढे आला आणि त्यात बालमृत्यू ठळकपणे घटल्याचं दिसलं. बाळाला ऊबदार ठेवणं हा त्या काळजीचा एक भाग होता. बाळाला ऊब हवी, धूर नको. ती ऊब कपड्यांतून आणि आईच्या अंगातून देता येते, त्यासाठी खोलीत धुराची आग असलीच पाहिजे असं नाही.

आज निवड करताना

२०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली आणि दूरच्या गावांतही गॅसची शेगडी पोचली. धूर कमी करण्यासाठी गॅससारखं साधन नाही. पण सिलिंडर पुन्हा भरायला रोख पैसे लागतात. शिवाय गॅस घर गरम करत नाही. म्हणून अनेक घरांत चहा-भाजी गॅसवर आणि पाणी तापवणं व शेकणं चुलीवर, अशी विभागणी झालेली दिसते. ही विभागणी वाईट नाही, फक्त विचारपूर्वक करायला हवी. कुमारप्पांच्या पद्धतीने विचार केला तर काही गोष्टी लक्षात येतात.

पहिली गोष्ट, उबेची आग आणि स्वयंपाकाची आग वेगळी करावी. शेकोटी अंगणात किंवा उघड्या पडवीत असली तर धूर निघून जातो. आंघोळीच्या पाण्याचा बंब किंवा चूल घराबाहेर आडोशाला असावी.

दुसरी, सरपण वाळलेलं असावं. ओल्या लाकडातली बरीच उष्णता त्यातलं पाणी उडवण्यातच जाते, धूर वाढतो आणि धुराड्यात काजळी जमते. पावसाळ्याआधीच लाकूड फोडून, जमिनीपासून उंचावर आणि छपराखाली रचलं तर थंडीत ते चांगलं जळतं.

तिसरी, धुराड्याची चूल असेल तर ते छपराच्या आढ्यापेक्षा उंच असावं आणि गवती छपराला चिकटलेलं नसावं. महिन्यातून एकदा तरी त्यातली काजळी काढावी. आतली वाट राखेने बुजली की धूर उलट घरात येतो, आणि मग चुलीलाच दोष दिला जातो. तडे दिसताच माती, शेण आणि भुसा कालवून ते लिंपावेत.

चौथी आणि सगळ्यात महत्त्वाची, कोळशाची किंवा निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत ठेवून कधीही झोपू नये. धुमसत्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपेतच माणूस दगावतो. बाळंतिणीच्या खोलीतही शेक घेताना खिडकी किंवा दार थोडं उघडं ठेवावं, आणि झोपण्याआधी शेगडी बाहेर न्यावी.

राहता राहिला जळणाच्या हक्काचा प्रश्न. त्याचं एक उत्तर धानोरा तालुक्यातच सापडलं. मेंढा (लेखा) या गोंड गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. आता जंगलातून काय घ्यायचं, किती घ्यायचं आणि राखण कशी करायची, हे गाव एकत्र बसून ठरवतं. ज्या जंगलातून घरात ऊब येते, त्याचा हिशेब गावाने ठेवावा, हे तुरुंगात बसून लिहिणाऱ्या हिशेबतपासनिसाचं म्हणणं होतं. ते पुस्तकातून गावात आलं असं नाही. मेंढ्याच्या लोकांनी ते आपल्या अनुभवातून आणि अनेक वर्षांच्या चर्चांमधून शोधलं. पण वही मांडण्याची रीत तीच आहे.